एनिडची निळी फीत

एनिड टॉलहर्स्ट फेब्रुवारीत मेली आणि ऑक्टोबरच्या जत्रेत फ्रूटकेकमध्ये पहिली आली. खोटं वाटत असेल तर बॅरो फ्लॅटला जाऊन कुणालाही विचारा. फक्त थेल्मा गेर्केला विचारू नका. ती किटली फेकून मारेल, आणि तिचा नेम चांगला आहे.

त्या वर्षी ऑक्टोबरातच उन्हाळा येऊन बसला होता. ऊन असं, की झाडांच्या सावल्यासुद्धा आडोसा शोधत हिंडत होत्या. गव्हाच्या कोठारावरचे पांढरे काकाकुवे एरवी कान किटवतात, तेही त्या दिवशी गप्प बसून एकमेकांना पंखांनी वारा घालत होते. जत्रेच्या मैदानावर लांबलचक पत्र्याची शेड. तिच्यात केक, जॅम, लोणची आणि विणलेले मोजे मांडून ठेवलेले. दार बंद. आत परीक्षक बाई हातात सुरी घेऊन फिरतायत, आणि बाहेर दोरीच्या अलीकडे थेल्मा उभी.

थेल्मा सत्तरीला टेकलेली. अंगानं सुतळीसारखी, पण राग असा की तिनं नुसतं रोखून बघितलं तरी कपातली साखर विरघळावी. त्या दिवशी मात्र ती स्वारी खुशीत होती. कारण आत टेबलावर तिचा केक होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा शेजारी एनिडचा केक नव्हता.

इतकी वर्षं थेल्मा दुसरी येत होती. दर वर्षी एनिड पहिली, थेल्मा दुसरी. एका वर्षी थेल्माच्या केकच्या बुडाला गार करायच्या जाळीचे वळ उठले म्हणून. एका वर्षी एक मनुका चिरायची राहून अख्खीच्या अख्खी दिसली म्हणून. एका वर्षी तर काहीच चूक नव्हती, परीक्षक नुसते म्हणाले, "शेजारचा जरा जास्त बरा आहे." ते वाक्य थेल्मानं पाच वर्षं चघळलं. एनिड निळी फीत छातीला लावून यायची आणि म्हणायची, "थेल, तुझाही छान झालाय गं." त्या 'ही'वर थेल्मा घरी जाऊन पातेली आपटायची.

नोंदणीच्या दिवशीही तेच. जो आधी येईल त्याला एक नंबर. एनिड उजाडायच्या आत घडीची खुर्ची घेऊन दारात बसलेली असायची, म्हणून दर वर्षी एक नंबर तिचा. केकपुढच्या कार्डावर नाव नसतं, नुसता नंबर. निकाल लागला की मग कॉम्प्युटरातून नाव छापून चिकटवतात. तर या वर्षी थेल्मा गेली खुर्ची घेऊन. एक नंबर घेतला. घेताना ती स्वतःलाच म्हणाली, मेली तिला काय नंबर लागतोय? आणि नंबर पर्समध्ये टाकला.

आता त्या कॉम्प्युटरचं सांगते, कारण घोळ तिथंच झाला.

जत्रेचा सगळा हिशेब थेल्मानं स्वतः बसवला होता. गव्हाच्या कोठारात कारकुनी करताना शिकली होती ती. तिनं त्या कारभाराचे दोन तुकडे केले होते. पुढचा तुकडा म्हणजे दुकानाचं तोंड. पडद्यावरची बटणं, रकाने, कार्डं छापायची सोय. तो कचेरीतल्या तिन्ही कॉम्प्युटरवर. मागचा तुकडा म्हणजे गोदाम. नावं, नंबर, निकाल, सगळा माल तिथं. ते एकच, कोपऱ्यातल्या धूळ खाल्लेल्या चौथ्या कॉम्प्युटरमध्ये. पुढच्या तुकड्याला गोदामाचा पत्ता पाठ. नाव मागा, तो पळत जाऊन आणून देणार. पण गोदाम जागेवरून हललं, की पुढचा तुकडा रिकाम्या हातानं उभा. तिनं त्या चौथ्या कॉम्प्युटरवर लाल कागद चिकटवला होता: हात लावाल तर हात मोडेन.

आणि नेमका त्या दिवशी हात लागला.

कचेरीचं दार उघडलं आणि ब्रेंटन बाहेर आला. ब्रेंटन म्हणजे जत्रेचा नवा अध्यक्ष. मेंढ्यांचे लिलाव करणारा, गोरापान, गुबगुबीत, टायवाला. टाय बघूनच थेल्माचं डोकं फिरायचं.

"थेल्मा! ए थेल्मा! हे म्हणतंय फाइल सापडत नाही!"

थेल्मा दोरीच्या अलीकडे. तिचा जबडा आवळला, पण तोंड उघडेना. कारण नियम. शेडचं दार बंद असेपर्यंत ज्यांची वस्तू स्पर्धेत आहे त्यांनी कचेरीत पाऊल टाकायचं नाही आणि कचेरीच्या कामाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मागे जर्दाळूच्या जॅमवरून दोन सख्ख्या बहिणी एकमेकींच्या अंगावर धावून गेल्या होत्या, एकीचा नवरा कचेरीत बसायचा म्हणून. तेव्हापासून नियम.

"अगं बोल की! एक शब्द!"

"नियम!" थेल्मा ओरडली.

"कुणी केला नियम?"

"मी!"

"मग तूच मोड!"

"दार उघडू दे. मग काय मोडायचं ते बघते!"

ब्रेंटननं रुमालानं मान पुसली. "मी काही केलेलं नाही हं. पाहुणे चहाला यायचे होते, म्हणून जरा आवरलं इतकंच. कॉम्प्युटरमध्येही सगळं पसरलेलं होतं, तेही आवरलं."

'आवरलं' हा शब्द ऐकला आणि थेल्मानं कपाळावर हात मारला. पुरुषानं आवरलं म्हणजे काय होतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिच्या नवऱ्यानं एकदा माळा आवरला होता, तेव्हापासून लग्नाचे फोटो सापडलेले नाहीत. तिला दोरीवरून उडी मारून त्याची टाय धरावीशी वाटली. पण नियम तिचाच. ती दोरी दोन्ही हातांनी अशी पिळत उभी राहिली की दोरीतून पाणी निघायचं बाकी होतं.

थोड्या वेळानं ब्रेंटनचं डोकं खिडकीतून बाहेर. "सापडली! जोडली मी! सगळी नावं आली बघ, घाबरू नकोस!"

थेल्मानं श्वास सोडला. इथंच ती चुकली. ब्रेंटन खुश दिसला की काळजी करायची असते.

दार उघडलं तशी थेल्मा सगळ्यांना कोपरं मारत आत घुसली. फ्रूटकेकचं टेबल शेवटी, पंख्याखाली. लांबूनच तिला दिसलं. तिच्या ताटलीला निळी फीत! तिच्याच ताटलीला, कोपरा उडालेल्या, गुलाबी फुलांच्या. ती जवळजवळ हसली. मग ती जवळ गेली. कार्डावर नंबर एक. पहिला क्रमांक. खाली छापलेलं नाव: एनिड टॉलहर्स्ट.

आणि त्याच वेळी बाहेर भोंगा खरखरला आणि ब्रेंटनचा तुपाळ आवाज आला. "फ्रूटकेक, पहिला क्रमांक, श्रीमती एनिड टॉलहर्स्ट!"

मैदानावर सगळं एकदम गप्प झालं. मेंढ्यासुद्धा ओरडायच्या थांबल्या. कोपऱ्यातल्या मिरीच्या, म्हणजे मिरीसारखे दाणे लागणाऱ्या मोठ्या झाडाखालून एनिडचा नवरा क्लॅरी उठला. त्यानं हॅट नीट केली, हळूहळू चालत स्टेजवर गेला, फीत घेतली, मान लववली आणि खाली उतरला. लोक टाळ्या वाजवायला लागले. दोघीतिघी तर डोळे पुसत होत्या.

थेल्मा आपल्या केकपुढे उभी. कानशिलं तापली, कान वाजायला लागले. "मेली!" ती म्हणाली. "मेली, गाडली, मी स्वतः तिच्या दफनानंतरच्या चहाला स्कोनचे पाव भाजून नेले, आणि तरी पहिली आली!"

ताटलीवरची फीत तर खोटीच, टेबलापुरती. खरी, सोनेरी अक्षरांची फीत स्टेजवर मिळते. ती क्लॅरीच्या हातात होती.

ती कचेरीकडे निघाली. वाटेत जे दिसलं त्यानं आग आणखी भडकली. घरी गाळलेल्या बिअरचं पहिलं बक्षीस पाद्रीबाईंना मिळालं होतं. त्या आयुष्यात थेंबाला शिवलेल्या नव्हत्या, आणि "अहो मी नाही, मी नाही" म्हणत लालभडक झाल्या होत्या. सर्वांत मोठ्या भोपळ्याचं बक्षीस पुकारलं ते नोएलला, जो गेल्या जत्रेनंतर गाव सोडून पर्थला गेला होता. आणि भोपळेवाला लेस्ली आपल्या भोपळ्यावर चढून उभा राहून बोंबलत होता. भोपळा एवढा, की चढायला त्यानं शिडी लावली होती. सर्वांत वाईट म्हणजे मेंढा. सगळ्या जिल्ह्यात पहिला आलेला मेंढा सहा वर्षांच्या टिलीच्या नावावर लागला होता. गेल्या वर्षी तिनं बटाट्याची बाहुली केली होती म्हणे. ती मेंढ्याच्या गळ्याला मिठी मारून बसली होती आणि म्हणत होती, "आता हा माझा. हा माझ्या खोलीत झोपणार." मेंढ्याचा खरा मालक तिच्या आईशी भांडत होता, आई ब्रेंटनच्या नावानं शिव्या देत होती आणि मेंढा शांतपणे टिलीची रिबिन खात होता.

कचेरीत ही गर्दी. सगळे एकदम बोलतायत. थेल्मा आत शिरली तसे आपोआप बाजूला झाले.

"ऊठ," ती ब्रेंटनला म्हणाली.

"थेल्मा, अगं, मी..."

"ऊठ म्हणते ना! त्या खुर्चीला आणखी तुझा घाम नको."

ती बसली. माउसची खूण एका तक्त्याच्या नावावर नुसती टेकवली. पडद्यावर गोदामाचा पत्ता उमटला. तो तिनं वाचला. मग मोठ्यानं वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पत्त्यात मधोमध शब्द होता: 'जुनं'.

"ब्रेंटन."

"हं."

"हे गेल्या वर्षीचं गोदाम आहे."

"पण फाइलचं नाव तर तेच होतं!"

"ही जपून ठेवलेली नक्कल आहे, शहाण्या! गेल्या वर्षीची! गेल्या वर्षी एक नंबर एनिडचा होता, या वर्षी माझा! गेल्या वर्षी पाद्रीबाईंनी ज्या नंबरावर मोजे विणले, त्या नंबरावर या वर्षी कुणीतरी बिअर आणली! फोल्डरवर 'जुनं' लिहिलंय. वाचता येतं ना तुला?"

"मला वाटलं जुनं म्हणजे खात्रीचं!" ब्रेंटनचाही आवाज चढला. "आणि एक सांग, दोन फाइलींना एकच नाव कुणी दिलं? मी? तू दिलंस! वर्ष घालायचं होतंस नावात! मला सापडेना, या कॉम्प्युटरनं विचारलं कुठं आहे, मी शोधलं, त्याच नावाची मिळाली, जोडली. मी काय चुकीचं केलं?"

गर्दी थेल्माकडे बघायला लागली. कारण त्यात तथ्य होतं, आणि ते थेल्मालाही कळत होतं. म्हणून ती दुप्पट चिडली.

"माझ्या घरात मीठ आणि साखर एकाच रंगाच्या डब्यात असतात! म्हणून कुणी येऊन डबे हलवत नाही! खरी फाइल कुठं टाकलीस?"

"आवरलेल्यात."

"कुठल्या आवरलेल्यात?"

ब्रेंटन पुटपुटला. शोधता शोधता सापडलं. 'ब्रेंटनचं छान आवरलेलं' अशा नावाच्या फोल्डरमध्ये, पाहुण्यांच्या चहाच्या यादीखाली, अख्ख्या जत्रेचं गोदाम पडलं होतं.

थेल्मानं जोडण्यांची खिडकी उघडली. एकेका तक्त्यापुढे खूण केली, सगळ्याच्या सगळ्या. नवी जागा दाखव म्हटलं. कॉम्प्युटरनं विचारलं, कुठं? ती बोट आपटत त्या आवरलेल्या फोल्डरपाशी गेली आणि दाखवलं. कॉम्प्युटर जरा घरघरला, मग एकेक जोडणी बसत गेली. भोपळ्यावर लेस्ली आला. मेंढ्यावर मेंढेवाला आला. लोकांनी हुश्श केलं.

आणि ब्रेंटन किंचाळला. "निकाल! निकाल कुठं गेले? उडाले सगळे!"

खरंच. नावं बरोबर, नंबर बरोबर, पण पहिला-दुसरा-तिसऱ्याचे रकाने कोरे. गर्दीतून असा आवाज निघाला, जणू अख्खी शेडच पडली.

"काही उडालेलं नाही," थेल्मा दातओठ खात म्हणाली. "सकाळपासून तुम्ही निकाल भरलेत ना, ते त्या जुन्या गोदामात भरलेत. गेल्या वर्षीच्या निकालांवर! आता गप्प बसा सगळे. जो बोलेल त्याचा मेंढा टिलीला देईन."

सगळे गप्प. टिली तेवढी म्हणाली, "मला दोन पण चालतील."

थेल्मानं जुनं गोदाम उघडलं, आज भरलेले निकाल उचलले आणि नव्यात आणून बसवले. निकालांत नुसते नंबर असतात, नावं नसतात, म्हणून जमलं. मग उरलेल्या दोन कॉम्प्युटरवर पुन्हा तेच, कारण पुढचा तुकडा प्रत्येकावर वेगळा आणि तिघांनाही ब्रेंटननं तोच चुकीचा पत्ता पढवला होता. जुन्या फाइलच्या नावापुढे तिनं वर्ष टाइप केलं, एवढ्या जोरात की 'एंटर'चं बटण निखळून चहाच्या कपात पडलं. ब्रेंटननं मुकाट्यानं बटण चमच्यानं काढून पुसलं. तेवढी अक्कल त्याला होती.

शेवटी तिनं फ्रूटकेक उघडलं.

पहिला क्रमांक. नंबर एक. थेल्मा गेर्के.

किती वर्षं वाट बघितली होती तिनं या ओळीची. बघितली, आणि राग तिळभर उतरला नाही.

"अभिनंदन, थेल्मा," ब्रेंटन हळूच म्हणाला. "सगळ्या दुरुस्त्या भोंग्यावर सांगतोच. तुझीही सांगतो."

"थांब. आधी फीत घेऊन येते."

"क्लॅरीकडून? राहू दे गं, बिचारा म्हातारा... पेटीत एक जास्तीची फीत आहे, ती देतो तुला."

"बिचारा? तो बिचारा? जन्मभर त्यानं पहिल्या नंबरचा केक खाल्ला, मी दुसऱ्या नंबरचा! मला जास्तीची नको. माझी हवी."

क्लॅरी मिरीच्या झाडाखाली आपल्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसला होता. फीत हॅटला लावलेली. शेजारी पत्र्याचा गोल डबा. थेल्मा धुळीचे लोट उडवत येताना दिसली तसा तो सरकला आणि तिला बसायला जागा केली. ती बसली नाही.

"क्लॅरी, फीत काढ."

"काढतो. पिन अडकलीय. तूच काढ थेल, माझे हात थरथरतात."

ती पुढे वाकली आणि पिनेशी झटायला लागली. पिन निघेना. अशा वेळी निघत नाहीच.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"की तो केक तिचा नाही. मेलेली बाई ओव्हन पेटवत नाही!"

"माहीत होतं. तिचा इथं आहे." त्यानं डब्यावर हात ठेवला.

थेल्माचा हात थांबला.

"गेल्या जत्रेहून आली आणि दुसऱ्याच दिवशी हा भाजला. दर वर्षी तसंच करायची. वर्षभर मुरवायची. शेवटी दवाखान्यात होती तेव्हा मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलेल. तर म्हणाली, क्लॅरी, दर महिन्याला केकला एक चमचा ब्रँडी पाजत जा. झालं. माझ्याबद्दल एक शब्द नाही."

"मग पाजलीस?"

"न पाजून जातो कुठं!"

"स्पर्धेत का नाही ठेवलास?"

"केक करणारीची सही लागते नोंदणीला. ती कुठून आणू?"

"नियम आहे," थेल्मा म्हणाली.

"तुझाच," क्लॅरी म्हणाला. "पण जत्रेच्या दिवशी त्याला एकट्याला घरी ठेवणं बरं दिसेना. म्हणून आणला गाडीतून."

"आणि स्टेजवर कशाला चढलास? माझी फीत घ्यायला?"

"नाव पुकारलं ना तिचं," क्लॅरी म्हणाला. "कुणीतरी जायला हवं होतं."

थेल्मानं पिनेला जोरात हिसका दिला. पिन एकदम सुटली आणि तिच्या अंगठ्यात घुसली.

"आई गं! मरताना वेळ तरी बघायची होती त्या बयेनं!" ती ओरडली. "या वर्षी माझ्या केकला जाळीचा एक वळ नाही! एक मनुका अख्खी नाही! मध्ये फुगलेला नाही, कडेला कोरडा नाही! नेमकी याच वर्षी मैदान सोडून गेली! हे काय जिंकणं झालं? रिकाम्या खुर्चीला हरवलं मी! इतकी वर्षं जिनं मला खाली बसवलं, तिनं निदान एकदा माझ्यापुढे हरायला नको होतं? एवढं तरी करायचं होतं माझ्यासाठी!"

अंगठा चोखत ती फळीवर बसली. क्लॅरीनं डबा मांडीवर घेतला.

"खुर्ची रिकामी आहे असं कुणी सांगितलं?" तो म्हणाला आणि त्यानं डब्याचं झाकण उघडलं.

वास असा सुटला, की दोन शेतं पलीकडच्या घोड्यानं मान वळवली. डब्यावरून एक माशी गेली ती सरळ रेषेत उडेना.

थेल्मानं त्या केककडे बघितलं. मग उठली, तरातरा शेडमध्ये गेली आणि आपल्या केकचा, परीक्षकांनी कापून उरलेला, एक तुकडा रुमालात घेऊन आली.

"सुरी आहे?"

"आहे."

"सारखेच तुकडे काप. मी डोळे मिटते. अदलाबदल कर आणि दे. फसवलंस तर बघ."

"तुला फसवायची छाती असती, तर मी एनिडलाही कधीतरी फसवलं असतं," क्लॅरी म्हणाला.

थेल्मानं डोळे घट्ट मिटले. पहिला तुकडा तोंडात आला. तिनं चावला, जिभेवर फिरवला, गिळला. चांगला होता. मग दुसरा. तिनं चावला आणि चावायची थांबली. मग अगदी हळू चावला. चेहरा एकदम मऊ झाला.

"हा," ती म्हणाली. "हाच. आपलं पोर आईला अंधारातही ओळखू येतं. हा माझा. बघितलंस? कुठं तो पहिला आणि कुठं हा!"

क्लॅरीनं सुरी पुसली.

"बोल की रे!"

"डोळे उघड, थेल."

तिनं उघडले. क्लॅरीच्या हातात तिचा रुमाल होता, आणि रुमालातला तुकडा एका कोपऱ्यात कापलेला. पहिला तो. दुसरा डब्यातला, एनिडचा.

यानंतर थेल्मा जे बोलली ते मी सांगणार नाही. कोठारावरचे काकाकुवे सगळेच्या सगळे उडाले आणि म्हणे संध्याकाळपर्यंत खाली उतरले नाहीत.

"काय घालायची काय ती यात?" शेवटी दम लागल्यावर तिनं विचारलं.

"संत्र्याची साल. बाकी तुझंच नाव घेत ढवळायची. 'ती थेल या वर्षी काय करत असेल कोण जाणे' असं म्हणायची आणि असा हात चालवायची की टेबल सरकायचं. तुझी भीती वाटायची तिला."

"खोटं बोलतोस."

"मग उजाडायच्या आत खुर्ची घेऊन का जायची? मला तर कळायचं नाही. नंबर कुठलाही असला तरी केक तोच. पण नाही. थेल आधी पोचली तर, म्हणायची."

थेल्मानं डब्यातला आणखी एक तुकडा घेतला, मोठा, आणि रागारागानं खाल्ला.

भोंगा खरखरला. ब्रेंटन एकेक दुरुस्ती वाचायला लागला. बिअर, भोपळा, मेंढा. मेंढ्याच्या वेळी टिलीचं रडणं भोंग्याशिवाय ऐकू आलं. मग: "फ्रूटकेक, पहिला क्रमांक, थेल्मा गेर्के!"

"जा," क्लॅरी म्हणाला. "नाव पुकारलंय."

थेल्मा उठली. निळी फीत तिनं छातीला लावली, वाकडी.

"फीत माझी," ती म्हणाली. "नोंदणी बंद झाल्यावर आलेला केक धरत नाहीत. नियम म्हणजे नियम."

"धरूच नये," क्लॅरी म्हणाला.

"आणि उरलेला अर्धा मला बांधून ठेव. घरी नेऊन बघते त्यात काय आहे."

ती दहाबारा पावलं गेली आणि गर्रकन वळली. बोट त्याच्या नाकावर रोखून, लांबूनच.

"आणि क्लॅरी! रविवारी जातोस ना तू तिच्या थडग्याशी? बसून गावभरचं सांगत असतोस, माहितीय मला. सगळं सांग. फीत कुणाला मिळाली ते सांग. पण डोळे मिटून मी कुठला तुकडा उचलला, ते जर तिला सांगितलंस ना, तर तुलाही तिच्याशेजारी पोचवीन!"

"नाही सांगणार," क्लॅरी म्हणाला, अगदी गंभीर तोंड करून.

आता क्लॅरीच्या पोटात काही राहतं का? रविवार कशाला, त्याच संध्याकाळी त्याची पिकअप दफनभूमीच्या रस्त्याला वळताना लेस्लीनं बघितली, भोपळ्यावरून. आणि थोड्याच वेळात तिकडच्या झाडातून असं काही खदाखदा हसणं ऐकू आलं, की गावातली कुत्री भुंकायला लागली.

थेल्मा म्हणते, कुकाबरा पक्षी होते ते. संध्याकाळी हसतातच. असतील बाई. पण तसं म्हणताना तिचा हात किटलीकडे जातो, म्हणून कुणी पुढे विचारत नाही.